पिएर मिशलो : पॅरिसच्या जॅझचा पाया सांभाळणारा बासवादक

मंद्रस्वर (धागाकर्ता)

युरोपातील जॅझ बासवादकांची चर्चा निघाली की डेन्मार्कचा नील्स-हेनिंग अर्स्टेड पेडरसन, जर्मनीचा एबरहार्ड वेबर आणि चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत गेलेले मिरोस्लाव्ह व्हिटूश व जॉर्ज म्राझ ही नावे हमखास येतात. फ्रान्सच्या पिएर मिशलोचे नाव मात्र सहसा कुणी घेत नाही आणि घेतलेच, तर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका तबकडीच्या वेष्टनावर छापलेल्या वादकांपैकी एक म्हणून. वास्तविक १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची कितीतरी वर्षे पॅरिसमध्ये जे मोलाचे जॅझ वाजले आणि मुद्रित झाले, त्याचा मोठा भाग याच माणसाच्या बासवर उभा आहे. त्याची उपेक्षा गुणांच्या अभावी झालेली नाही. पॅरिसमध्ये जॅझचा व्यवहार ज्या पद्धतीने चालत असे त्या पद्धतीतच ती होती, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा धागा काढला आहे.

मिशलोचा जन्म ३ मार्च १९२८ रोजी पॅरिसच्या उत्तरेला लागून असलेल्या सँ-दनी येथे झाला. लहानपणी तो काही काळ पियानो शिकला आणि सोळाव्या वर्षी डबल बासकडे, म्हणजे उभे धरून वाजवायच्या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याकडे, वळला. पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाले त्याच सुमाराची ही गोष्ट. अमेरिकी सैन्याबरोबर नवे संगीत आले आणि ते वाजवू शकणाऱ्या तरुणांना एकाएकी मागणी आली. विसावे वर्ष पुरे होते न होते तोच मिशलो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातून आलेल्या रेक्स स्ट्यूअर्टबरोबर वाजवत होता आणि १९४९च्या डिसेंबरात सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सच्या पॅरिसमधील ध्वनिमुद्रणात त्याचा बास होता. त्या मुद्रणात ड्रमवर केनी क्लार्क होता, आणि या एका ओळखीने मिशलोच्या पुढच्या आयुष्याला वळण दिले.

क्लार्कविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. पूर्वीच्या स्विंग शैलीत ड्रमवादक पायाने मोठ्या ड्रमवर चारही मात्रा ठोकत असे, त्यामुळे लय खालच्या पट्टीत ठळक ऐकू येई आणि बास त्याच ठोक्यांत मिसळून जाई. क्लार्कने १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ही लय वर झांजेवर नेली आणि पायाचा ठोका केवळ अधूनमधून, अनपेक्षित जागी टाकण्यासाठी राखून ठेवला. बीबॉप या तेव्हाच्या नव्या जॅझ शैलीचा हा एक मूळ शोध आहे. त्याचा परिणाम असा झाला की खालच्या पट्टीत एकेक मात्रा अखंड मोजून दाखवण्याचे काम एकट्या बासवादकावर आले. शिवाय नव्या शैलीचे पियानोवादक डाव्या हाताने पूर्ण स्वरसंगती न वाजवता तुटक खुणा तेवढ्या देत, म्हणजे मूळ स्वर कोणता हे सांगण्याची जबाबदारीही बासचीच. आपल्याकडील नगमा (तबलावादनाच्या साथीला वाजणारा लेहरा) आवर्तनाची चौकट दाखवतो, तसे काहीसे हे काम आहे. फरक इतकाच की नगमा तोच तो वाजतो, तर बासवादकाला दर मात्रेला नवा स्वर निवडावा लागतो आणि ती निवड पुढच्या स्वरसंगतीकडे नेणारीही असावी लागते. युरोपात हे काम बिनचूक करू शकणारे बासवादक त्या वेळी बोटांवर मोजण्याइतके होते. १९५६मध्ये क्लार्क पॅरिसमध्ये कायमचा राहायला आला, तेव्हा मिशलो त्याचा स्वाभाविक जोडीदार ठरला.

त्याआधीच्या, गिटारवादक जँगो राइनहार्टच्या मुद्रणांकडे फारसे लक्ष दिले जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. जँगो म्हटले की १९३०च्या दशकातील हॉट क्लबचा तंतुवाद्यांचा संच डोळ्यांसमोर येतो, ज्यात ड्रम नव्हते आणि दोन गिटारी तालाचे काम करत. अखेरच्या वर्षांत मात्र जँगो विजेची गिटार घेऊन बीबॉपच्या भाषेत बोलू लागला होता, त्याला तरुण साथीदार हवे होते आणि १९५१पासून त्याच्या क्लब सँ-जेर्मांमधील संचात बास मिशलोकडे होता. १० मार्च १९५३च्या मुद्रणात मॉरिस व्हाँदेर पियानोवर, मिशलो बासवर आणि झाँ-लुई व्हियाल ड्रमवर आहे. त्यातील ‘नुआज’ आणि ‘मान्वार द मे रेव्ह’ ऐकताना जुन्या आणि नव्या जँगोमधला फरक गिटारीइतकाच बासमुळेही जाणवतो, कारण आता खाली दोन ठोक्यांची हिंदकळ राहिलेली नाही, तर चार मात्रांची सलग चाल आहे. ८ एप्रिलला आणखी एक मुद्रण झाले, त्यात पियानोवर तरुण मार्सियाल सोलाल होता आणि बासवर पुन्हा मिशलो. १६ मे रोजी जँगो गेला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनचे पॅरिसमधील चौकडीचे मुद्रण झाले. ब्राउन ज्याच्या वाद्यवृंदात होता त्या लायनेल हॅम्प्टनने आपल्या वादकांना दौऱ्यात बाहेर मुद्रण करण्यास मनाई केली होती, म्हणून ते चोरून करावे लागले. त्यातही बास मिशलोचाच आहे. सात महिन्यांत एकीकडे जँगोची अखेर आणि दुसरीकडे ब्राउनची सुरुवात, आणि दोन्हीकडे खाली तोच माणूस!

आता ज्या मुद्रणामुळे त्याचे नाव निदान छापून तरी राहिले, त्याकडे येतो. लुई मालच्या ‘आसाँसर पूर लेशाफो’ या चित्रपटाचे संगीत १९५७च्या ४ आणि ५ डिसेंबरच्या मधल्या रात्री पॅरिसमधील ‘पोस्त पारिझियाँ’ स्टुडिओत मुद्रित झाले. माइल्स डेव्हिस दौऱ्यावर एकटाच आला होता. सोबतीला बार्ने विलेनचा टेनर सॅक्सोफोन, रने उर्त्रेजेचा पियानो, मिशलोचा बास आणि क्लार्कचे ड्रम होते. पडद्यावर चित्रपटातील तुकडे पुनःपुन्हा दाखवले जात होते आणि वादक ते पाहत वाजवत होते. मिशलोने पुढे सांगितले आहे की एक तुकडा सोडला तर ठरलेली चाल अशी कुठलीच नव्हती. माइल्सने डी मायनर आणि सी सेव्हन अशा दोनच स्वरसंगती, प्रत्येकी चार आवर्तने, हव्या तितक्या वेळा वाजवायला सांगितल्या. इतकी मोकळी चौकट त्या काळी नवीन होती. पुढे १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये माइल्सने जी वाट धरली तिची पूर्वखूण समीक्षक येथे पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण ही चौकट बासवादकाला किती अवघड, हे क्वचितच लिहिले जाते. दर दोन मात्रांना स्वरसंगती बदलत असेल तर बासची वाट आपोआप आखली जाते. दोनच संगतींवर मिनिटेच्या मिनिटे थांबायचे असेल तर पुनरावृत्तीचा कंटाळा न येऊ देता तणाव टिकवणे हे सर्वस्वी त्याच्या निवडीवर अवलंबून राहते. ‘व्हिझित द्यु व्हिझील’ हा रखवालदाराच्या फेरीचा तुकडा तर केवळ बास आणि ड्रम यांचाच आहे. त्या तबकडीविषयी शेकडो पाने लिहिली गेली असतील, पण या तुकड्याला एखाददुसरे वाक्यच मिळते.

१९५९मध्ये पियानोवादक बड पॉवेल पॅरिसला आला आणि क्लार्क व मिशलो यांच्यासह त्याचे त्रिकूट झाले, ज्याला ‘थ्री बॉसेस’ म्हणत. पॉवेलची प्रकृती आणि मनःस्थिती यांवर भरवसा ठेवता येत नसे. एखाद्या रात्री त्याचे वादन जुन्या तेजाने झळके, तर एखाद्या रात्री ते मध्येच विस्कटे. अशा वादकाच्या मागे उभे राहताना बासवादकाला पुढे काय होईल याचा अंदाज घेत, पण त्याला धाक न वाटू देता, रस्ता मोकळा ठेवावा लागतो. डिसेंबर १९६१मधील ‘अ पोर्ट्रेट ऑफ थेलोनियस’ हा या त्रिकुटाचा उत्तम पुरावा आहे. त्यात पियानोवादक व रचनाकार थेलोनियस मंकच्या चार रचना आहेत आणि त्यांच्या वाकड्या स्वरसंगतींमध्ये मिशलो कुठेही धडपडत नाही.

२३ मे १९६३ रोजी याच तिघांबरोबर सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनने ब्लू नोट कंपनीसाठी ‘अवर मॅन इन पॅरिस’ मुद्रित केले. पियानोवर मूळ बेत केनी ड्रूचा होता. पॉवेल आला आणि त्याने नव्या रचना वाजवण्यास नकार दिल्याने जुन्या प्रचलित चिजाच घेतल्या गेल्या. गॉर्डन मात्रेच्या किंचित मागे रेंगाळत वाजवतो, क्लार्कची झांज किंचित पुढे झुकलेली असते, आणि या दोघांमधील अंतर तुटेपर्यंत ताणले जाऊ नये याची काळजी मिशलो घेतो. चौघांत तो एकटाच फ्रेंच, आणि तबकडीच्या नावातील पॅरिसचा माणूस मात्र कॅलिफोर्नियाचा गॉर्डन! हा योगायोग मला नेहमी बोलका वाटत आला आहे.

जुनी तबकडी

उत्तम लेख. मात्र पियानोवादक जाक लुसिएचा उल्लेख राहिला, आणि तो राहणे बरोबर नाही, कारण मिशलोचा बास सर्वांत जास्त लोकांनी ऐकला तो तिथेच. लुसिएने १९५९मध्ये ‘प्ले बाख’ त्रिकूट सुरू केले, त्यात मिशलो बासवर आणि क्रिस्तियाँ गारो ड्रमवर होता, आणि हा संच १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकला. त्याच्या तबकड्या साठ लाखांवर खपल्याचे सांगितले जाते. ब्रिटनमध्ये तर बाखच्या तिसऱ्या सूटमधील ‘एअर’चे त्यांचे रूप हॅम्लेट सिगारच्या जाहिरातीत अनेक वर्षे वाजत होते. त्या रचनेत मूळचाच बास पायरी पायरीने खाली उतरत जाणारा आहे. ते सूर वाजवणाऱ्याचे नाव जाहिरात पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, हे सांगायलाच नको.

कानसेन

विषय माहितीपूर्ण आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. एखादा वादक ‘उपेक्षित’ ठरवताना त्याने वाद्याला काय नवे दिले हे पाहायला हवे. १९६१च्या जूनमध्ये पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये बासवादक स्कॉट लाफारोने बासला पियानोच्या बरोबरीने संवाद करायला लावले. पेडरसनने वेगाची आणि स्वच्छतेची नवी पातळी गाठली. वेबरने वाद्याचा नादच बदलून टाकला. मिशलोने तर १९५०च्या आसपास जे चालत होते तेच उत्तम रीतीने पुढची चार दशके केले. तो श्रेष्ठ कारागीर होता हे मान्य; परंतु इतिहास कारागिरांची नावे तळटिपांत ठेवतो याला अन्याय कसे म्हणावे?

मंद्रस्वर (धागाकर्ता)

@जुनी तबकडी, ‘प्ले बाख’चा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याने मिशलोच्या लौकिकाचे भले केले की नुकसान, याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. त्या संचाने त्याला स्थिर उत्पन्न आणि जगभरची सभागृहे दिली, यात वाद नाही. पण जॅझच्या समीक्षकांनी ते संगीत हलके म्हणून बाजूला सारले आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या समीक्षकांनी ते आपले मानले नाही, त्यामुळे जवळजवळ दोन दशकांचे त्याचे काम कुणाच्याच वहीत नोंदले गेले नाही. ही वर्षे कोणत्याही वादकाची ऐन उमेदीची असतात. वास्तविक बाखच्या काळी बासची ओळ लिहून दिलेली असे आणि तिच्यावर वरची स्वरसंगती वादकाने जागच्या जागी भरायची असे, म्हणजे जॅझ बासवादकाला ते घर परके नव्हे. मिशलो आधी लिहिलेली ओळ जशीच्या तशी वाजवतो आणि मग तिच्यातूनच चार मात्रांची चाल काढतो. तो सांधा जिथे येतो ती जागा शोधून ऐकण्यासारखी असते. पण दोन दशके तोच सांधा जोडत राहणे यात कलावंताची किती भूक भागली असेल, ही शंका उरतेच.

@कानसेन, नवेपणा हाच निकष मानला तर क्लार्कनंतरच्या बहुतेक सर्व ड्रमवादकांनाही तळटिपेतच जावे लागेल. लाफारोचे मोठेपण मान्य करूनही मी असे म्हणेन की तो ज्या त्रिकुटात वाजवत होता तेथे पियानोवादक जागा सोडत होता, आणि दोघेही दीर्घकाळ एकत्र बसून ते संगीत घडवत होते. मिशलोला असा निवांत संच क्वचितच मिळाला. त्याच्यासमोर या आठवड्यात हॉकिन्स, पुढच्या आठवड्यात आणखी कुणी, अशी परिस्थिती असे. अमेरिकेतून सबंध संच आणणे आयोजकांना परवडत नसे, म्हणून नाव असलेला एकच कलावंत यायचा आणि साथ पॅरिसच्या वादकांनी करायची. १९५६च्या हिवाळ्यात माइल्स आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग ज्या दौऱ्यावर आले होते तेथेही उर्त्रेजे, मिशलो आणि गारो यांचीच साथ होती. या व्यवस्थेत स्थानिक वादकाचे कौशल्य जितके जास्त तितका तो कमी दिसतो, कारण पाहुण्याला काही अडले नाही हीच त्याच्या कामाची पावती असते. अडले असते तर नाव झाले असते! म्हणून मी याला अन्यायापेक्षा व्यवहाराचा परिणाम म्हणतो.

रात्रपाळी

कानसेन यांच्या मुद्द्याला जोड म्हणून विचारतो : मिशलोने स्वतःच्या नावाने काही केले आहे का? संचप्रमुख म्हणून एकही तबकडी नसेल तर त्याची स्वतःची संगीतदृष्टी काय होती हे आपल्याला कसे कळणार?

जुनी तबकडी

@रात्रपाळी, मोजकेच आहे, पण आहे. १९६३ची ‘राउंड अबाउट अ बास’ ही मोठ्या वाद्यवृंदाची तबकडी आहे आणि तीत बासला पुढे आणून बाकीची वाद्ये त्याच्याभोवती मांडली आहेत. मिशलो वाद्यवृंदासाठी लेखनही करत असे, हे ती ऐकल्यावर पटते. त्यानंतर थेट १९८९च्या अखेरीस मुद्रित झालेली ‘बास अँड बॉसेस’, ज्यात टूट्स थीलेमान्सचा माउथ ऑर्गन आहे आणि ड्रमवर बिली हिगिन्स. या दोन्हींच्या मधे सव्वीस वर्षांचे अंतर आहे, त्यावरूनच काय ते समजावे.

माझ्या दृष्टीने मात्र त्याची स्वतःची म्हणावी अशी जागा वेगळीच आहे. जिनिव्हाचा ड्रमवादक दानिएल युमेर, उर्त्रेजे आणि मिशलो या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘हुम’ हे नाव घेतलेले त्रिकूट १९६०मध्ये मुद्रित झाले, मग १९७९मध्ये आणि पुन्हा १९९९मध्ये. तीच तीन माणसे, सुमारे वीस-वीस वर्षांच्या अंतराने. येथे कुणी पाहुणा नाही, त्यामुळे बासवादकाने स्वतःला पुसून टाकण्याचे कारणही नाही. १९६०चे मुद्रण वेगवान आणि काहीसे उतावीळ आहे. १९७९मध्ये युमेर ताल मोडून टाकण्याइतका मोकळा झालेला दिसतो आणि तेथे मिशलो त्याच्यामागे न धावता आपली चाल धरून ठेवतो, ज्यामुळे त्या मोडतोडीला अर्थ येतो. कानसेन ज्याला ‘तेच ते’ म्हणतात त्याचे मोल मला येथे कळले.

आगंतुक

बेर्त्रां ताव्हेर्निएच्या १९८६च्या ‘राउंड मिडनाइट’ या चित्रपटात मिशलो पडद्यावर दिसतो, हे कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कथा १९५९च्या पॅरिसची आहे. डेक्स्टर गॉर्डनने साकारलेला सॅक्सोफोनवादक मुख्यत्वे पॉवेल आणि लेस्टर यंग यांच्या आयुष्यांवरून रचला आहे. ब्लू नोट क्लबचा देखावा स्टुडिओत उभारला होता आणि संगीत नंतर भरण्याऐवजी चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष मुद्रित केले गेले. त्या संगीतासाठी हर्बी हॅनकॉकला ऑस्कर मिळाले. ज्याने खऱ्या ब्लू नोट क्लबमध्ये खऱ्या पॉवेलबरोबर वाजवले होते तो मिशलो तेथे गॉर्डनच्या मागे साथीला उभा आहे. माझ्या माहितीत पडद्यावरील त्या क्लबच्या साथसंचात मूळ प्रसंगांचा साक्षीदार तो एकटाच असावा.

कानसेन

@मंद्रस्वर, व्यवहाराचा मुद्दा पटला. नवेपणाबाबत माझे मत मात्र बदललेले नाही. पण पेडरसनचीच तुलना पुढे नेऊ. त्यानेही बड पॉवेलबरोबर कोपनहेगनमध्ये १९६२ साली, पंधराव्या वर्षी, मुद्रण केले होते. तोही पाहुण्यांना साथ करतच मोठा झाला. मग त्याचे नाव झाले आणि मिशलोचे नाही, हे तुमच्या व्यवस्थेच्या सिद्धान्तात कसे बसते?

मंद्रस्वर (धागाकर्ता)

@कानसेन, पेडरसनला पुढे पियानोवादक ऑस्कर पीटरसनने आपल्या संचात घेतले आणि त्याच्याबरोबर तो जगभर, मुख्यतः अमेरिकेच्या व्यासपीठांवर, वर्षानुवर्षे दिसत राहिला. नॉर्मन ग्रांझच्या पाब्लो कंपनीने त्याला द्वंद्ववादनाच्या तबकड्याही दिल्या. म्हणजे तो पाहुण्यांच्या घरी जाऊन राहिला. मिशलोने पॅरिस सोडले नाही. दुसरे कारण पिढीचे आहे : पेडरसन मोठा होईपर्यंत धातूच्या तारा आणि विद्युत ध्वनिवर्धन रूढ होत गेले आणि बासवर वेगवान एकल वादन मोठ्या सभागृहातही ऐकू जाऊ लागले. आतड्याच्या तारांवर, मायक्रोफोनपासून दूर उभे राहून घडलेल्या पिढीचे सारे शिक्षण एकेक स्वर भरदार काढण्यात गेले होते. दोघेही २००५ सालीच गेले, पेडरसन एप्रिलमध्ये आणि मिशलो ३ जुलैला.

रात्रपाळी

सुरुवात कुठून करावी? ‘आसाँसर’ची माझ्याकडील प्रत ऐकली, परंतु बास कुठेतरी दूर, धुक्यात असल्यासारखा येतो.

जुनी तबकडी

@रात्रपाळी, मूळ प्रसिद्ध झालेल्या मुद्रणावर चित्रपटासाठी कृत्रिम प्रतिध्वनी चढवलेला आहे, त्यामुळे तसे होते. १९८८च्या सीडीपासून त्या रात्रीचे इतर प्रयत्नही उपलब्ध झाले आणि ते प्रतिध्वनीविना आहेत. त्यांत बास खोलीत शेजारी उभा असल्यासारखा ऐकू येतो. आधी ते ऐकावेत, मग ‘अवर मॅन इन पॅरिस’मधील ‘ब्रॉडवे’, आणि ‘हुम’ची तिन्ही मुद्रणे शक्यतो सलग. हेडफोन वापरल्यास उत्तम, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून बासच्या खालच्या स्वरांपैकी फारसे काही बाहेर येत नाही.